दोष क्षचा नाही

सातवी-आठवीत मुलाचं गणित बिघडलं की घरातले सगळे मिळून क्षवर खापर फोडतात. आकड्यांचं बरं चाललं होतं, मध्येच ही अक्षरं आली आणि पोरगं गडबडलं, असं पालक सांगतात आणि शिकवणीवालेही मान डोलावतात. मुलांच्या वह्या चाळल्या तर मात्र वेगळंच दिसतं. गणित ज्या ओळीत फसतं, त्या ओळीत क्ष बहुतेक वेळा नीट जागेवर असतो. चूक झालेली असते वजाच्या चिन्हापाशी, नाहीतर बरोबरच्या चिन्हापाशी. म्हणजे पहिलीपासून रोज भेटणाऱ्या, ओळखीच्या वाटणाऱ्या दोन चिन्हांपाशी. साधी समीकरणं आणि पूर्णांक यांचा प्रश्न इतिहासात कसा सुटत गेला, वर्गात तो कसा मांडला जातो आणि कुठे अडतो हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं, तर फिरून फिरून याच दोन चिन्हांपाशी यावं लागतं.

आधी भास्कराचार्यांचं एक उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ ही ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ची अंगं. चाळीसगावजवळ पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला होता. त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे आणि तो अभ्यासकांपुढे आणण्याचं श्रेय भाऊ दाजी लाडांना जातं. ‘बीजगणिता’तलं उदाहरण असं: एकाजवळ ६ घोडे आहेत आणि रोख ३००. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण डोक्यावर १००चं कर्ज. घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची मालमत्ताही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

आजच्या पद्धतीने लिहायचं तर ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. दोन्हीकडून ६क्ष काढले, दोन्हीकडे १०० मिळवले, की ४क्ष = ४०० उरतं. घोडा शंभराचा. ताळा करून बघा: पहिल्याकडे ६०० आणि ३००, दुसऱ्याकडे १००० वजा १००. दोन्हीकडे ९००.

भास्कराचार्य हे लिहीत ते निराळ्या थाटात. अज्ञात राशी ‘यावत्तावत्’, तिचं लघुरूप ‘या’. सुट्या संख्येला ‘रू’. अज्ञात एकाहून जास्त असले तर पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. बरोबरचं चिन्ह नव्हतंच, दोन पक्ष एकाखाली एक मांडायचे. पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ऋण संख्या, दोन्ही बाजूंना असलेली अज्ञात राशी आणि दोन बाजूंची समानता या तिन्ही गोष्टी या एकाच छोट्या गणितात एकमेकींना धरून येतात. कर्ज आहे म्हणून ऋण आहे, मालमत्ता सारखी आहे म्हणून समीकरण आहे. आपल्या सहावीच्या पुस्तकात पूर्णांक एका प्रकरणात आणि समीकरणं दुसऱ्या प्रकरणात असतात, मध्ये बरीच इतर प्रकरणं. पहिलं संपवून, चाचणी देऊन, विसरून मूल दुसऱ्यापाशी येतं.

समीकरणं स्वतः फार जुनी आहेत. इजिप्तमधल्या अहमोस या लेखनिकाने इ.स.पू. १५५०च्या सुमारास लिहिलेल्या पपायरसात एक प्रश्न आहे: एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात, राशी कोणती? पद्धत अशी की आधी सोयीची संख्या धरायची, ७. ७ आणि तिचा सातवा भाग मिळून ८. हवेत १९. मग ८ला जितक्या पटीने वाढवलं की १९ होतात, तितक्याच पटीने ७ वाढवायचे. ‘लीलावती’तलं इष्टकर्म याच जातीचं. क्षशिवाय समीकरण सोडवता येतं याचा हा पुरावा, आणि प्राथमिक शाळेत ही रीत पुन्हा आणायला काहीच हरकत नाही.

ऋण संख्यांची कथा मात्र सरळ नाही. चीनमध्ये ‘नऊ प्रकरणं’ या ग्रंथाच्या परंपरेत गणिताच्या काड्या वापरत. धन संख्येला लाल, ऋण संख्येला काळ्या, असं लिऊ हुई या भाष्यकाराने तिसऱ्या शतकात नोंदवलं आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम एका जागी दिले. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हेही त्यातच. शून्याने भागण्यापाशी त्याचं चुकलं, पण बाकीचे नियम आज सातवीत शिकवतात तेच आहेत.

नियम आले, पण म्हणून ऋण संख्या लगेच पचली असं नाही. ‘बीजगणिता’तच माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली; एक झाडावर उरलं. उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २, त्याचा वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५. हिशेब चोख जमतो. तरीही भास्कराचार्य ५ हे उत्तर बाजूला ठेवतात, कारण प्रत्यक्ष वस्तू मोजताना उणे संख्या लोकांच्या मनाला पटत नाही असं ते म्हणतात. ऋणाच्या वर्गमुळापर्यंत विचार पोचलेल्या माणसाचं हे वाक्य आहे.

पश्चिमेकडे तर कितीतरी अधिक कुरकुर झाली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणांचे सहा प्रकार पाडले, ते मुख्यतः दोन्ही बाजूंना फक्त धन पदं राहावीत म्हणून. सोळाव्या शतकात कार्दानोने ऋण उत्तरं काढली आणि त्यांना खोटी म्हटलं. १७५८ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेसने ऋण संख्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, १७९६ साली विल्यम फ्रेंडने त्यांना वगळूनच बीजगणित रचलं. आणि १८३१ साली ऑगस्टस डी मॉर्गन, ज्याचा जन्म आपल्या मदुराईचा, त्यानेही एक नमुना दिला: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९चा, तर बापाचं वय मुलाच्या दुप्पट केव्हा होईल? ५६ + क्ष = २(२९ + क्ष) सोडवलं की क्ष = −२. डी मॉर्गन म्हणतो, उत्तर विसंगत आहे, प्रश्नच बदला: दुप्पट ‘केव्हा होतं’ असं विचारा. आजच्या मुलाला आपण सांगतो की −२ म्हणजे दोन वर्षांपूर्वी, पुढे चला. ब्रह्मगुप्तापासून इथपर्यंत बाराशे वर्षं गेली आहेत. एवढा काळ मोठमोठ्यांना लागला ती गोष्ट वर्गात चार तासिकांत पटत नसेल, तर मुलांना ढ ठरवण्याचं कारण नाही.

बरोबरचं चिन्ह वयाने लहान. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ साली ते छापलं. दोन समांतर रेघा, कारण त्यांच्याहून सारख्या दोन गोष्टी नाहीत, असा त्याचा युक्तिवाद. त्या चिन्हाने छापलेलं पहिलं समीकरण आजच्या रूपात १४क्ष + १५ = ७१ असं आहे. उत्तर ४. सातवीचं मूल ते सहज सोडवेल.

सोडवेल, पण त्या दोन रेघांचा अर्थ त्याच्या मनात काय आहे? पहिलीपासून पाचवीपर्यंत मुलाला = कुठे भेटतं ते पाहा. ३ + ४ = __. ४८ ÷ ६ = __. डावीकडे प्रश्न, उजवीकडे मोकळी जागा. कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबलं की उत्तर येतं. पाच वर्षं असं झाल्यावर त्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असाच बसतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना ८ + ४ = ☐ + ५ हे विचारलं होतं. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिले नाहीत. बहुतेकांनी १२ लिहिले, म्हणजे आठ आणि चार बारा, पुढचे पाच कशाला आहेत कोण जाणे. काहींनी दिसतील ते सगळे आकडे मिळवून १७ केले. ही मुलं बेरजेत कच्ची नव्हती.

आपल्या वह्यांत याच गैरसमजाचं दुसरं रूप दिसतं. शाब्दिक उदाहरण सोडवताना मूल लिहितं: ३ × ४ = १२ + ५ = १७ − २ = १५. उत्तर बरोबर, म्हणून शिक्षक टिक करतात. पण ३ × ४ म्हणजे १२ + ५ नव्हे. प्रत्येक पायरीला ते चिन्ह ‘मग’ या अर्थाने वापरलंय. ही सवय घेऊन मूल समीकरणात आलं की २क्ष + ३ = ११ = २क्ष = ८ = क्ष = ४ अशी आगगाडी लिहितं. पाचवीत दुर्लक्ष केलेली गोष्ट आठवीत गुण खाते.

आता वजाकडे वळू. इथे गुंता जास्त आहे, कारण एकच आडवी रेघ तीन कामं करते. ८ − ३ मध्ये ती क्रिया आहे. −३ मध्ये ती संख्येचा भाग आहे. आणि −क्ष मध्ये ती ‘उलट कर’ एवढंच सांगते. तिसरं काम सगळ्यात फसवं. −क्ष दिसलं की मुलं, आणि पुष्कळ मोठी माणसंही, ती ऋण संख्या समजतात. क्ष जर −४ असेल तर −क्ष म्हणजे ४. म्हणून −क्ष = ५ हे इतकं बारकं समीकरण वर्गातल्या निम्म्या वह्यांत नुसतं तसंच अर्धवट सोडलेलं सापडतं. मुलाला वाटतं, उत्तर आलंच की.

त्याच्याही आधी दुसरीत आपण एक गोष्ट ठासून सांगितलेली असते: लहान संख्येतून मोठी जात नाही. ५ मधून ८ जात नाहीत, म्हणून हातचा घ्या. हे त्या वेळी सोयीचं असतं, पण सहावीत तेच शिक्षण ५ − ८ = −३ लिहायला लावतं आणि आधीचं मागे घेतो असं कोणी स्पष्ट सांगत नाही. हुशार मूल मग तडजोड करतं आणि ३ लिहितं.

यावर शाळेचा उतारा म्हणजे पाठांतर. ‘वजा वजा अधिक, अधिक वजा वजा.’ हे इतक्या लयीत म्हटलं जातं की कशाला लावायचं तेच हरवतं. गुणाकाराचा नियम बेरजेला चिकटतो आणि −३ − ५ = +८ होतं. मूल म्हणतं, दोन वजा आहेत ना, मग अधिक. त्याने नियम चुकवलेला नाही, आपण दिलेला नियम प्रामाणिकपणे पाळलाय. या घोषणेला मी शालेय गणितातली सगळ्यात महागडी ओळ म्हणेन.

तिच्याऐवजी कारण सांगायला फार वेळ लागत नाही. फळ्यावर खालपासून लिहा: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. प्रत्येक पायरीला उत्तर ३ने वाढतंय. पुढची पायरी −३ × (−१). ती ३ नाही आली तर चढण तिथेच तुटेल. जरा मोठ्या मुलांना पक्कं कारण द्यावं. ५ आणि −५ मिळून ०, म्हणून −३ × (५ + (−५)) हेही ०च. कंस सोडवला तर पहिला तुकडा −१५. दुसरा तुकडा −३ × (−५) असा हवा की बेरीज शून्य व्हावी, म्हणजे तो +१५ असल्याशिवाय गत्यंतर नाही. यात कर्ज, उधारी, शत्रूचा शत्रू मित्र असलं काही आणावं लागत नाही. शत्रूची गोष्ट तर टाळावीच, कारण दोन शत्रूंची बेरीज काय हे ती सांगत नाही.

ऋण संख्या वजा करणं मुलांना सगळ्यात अवघड जातं. तिथे कर्जमाफीचं उदाहरण देतात, ते ठीक. मला परीक्षेचं अधिक पटतं, कारण घरोघरी ते माहीत आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या उत्तराला −१. समजा एका मुलीचे ३२० गुण झाले आणि तिचा एक चुकलेला प्रश्न रद्द ठरवून त्याचा −१ काढून टाकला. ३२० − (−१) = ३२१. काढून टाकलं तरी वाढलं, यात तिला किंवा तिच्या वडिलांना काही गूढ वाटणार नाही.

साधनांबद्दल दोन शब्द. संख्यारेषा बेरजेला उत्तम, वजाबाकीला बरी, गुणाकाराला लंगडी. दोन रंगांच्या चकत्या, म्हणजे एक लाल आणि एक काळी मिळून शून्य, या वजाबाकीला संख्यारेषेपेक्षा सरस. क्रिकेटचा निव्वळ धावगती दर, लिफ्टचे तळमजल्याखालचे मजले, द्रासचं हिवाळी तापमान हे सगळं ऋण संख्या ओळखीची करून देतं, पण त्यांचा गुणाकार करून कोणी काही सांगत नाही. एकाच साधनाने सगळं होईल हा हट्ट सोडावा.

समीकरण सोडवण्याच्या रीतींतही असाच निवाडा करावा लागतो. पहिली रीत नुसतं पाहून किंवा संख्या घालून बघणं. तिला हलकं समजतात, पण उकल म्हणजे काय याचा खरा अर्थ तिच्यातच आहे: क्षच्या जागी ठेवल्यावर दोन्ही बाजू सारख्या करणारी संख्या. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत मुलं पर्याय घालून बघतात तेव्हा ती लबाडी करत नसतात. दुसरी रीत उलट जाण्याची. ३क्ष + ५ = २० असेल तर आधी ५ काढा, मग ३ने भागा. छान चालते, पण अज्ञात एकाच बाजूला असेतोवरच. घोड्यांच्या गणितात उलट कुठून जायचं? मेक्सिकोतल्या फिलॉय आणि रोहानो या अभ्यासकांनी १९८९ साली हाच सांधा दाखवला: अज्ञात राशी दोन्ही बाजूंना आली की मुलांना अंकगणिताच्या जोरावर पुढे जाता येत नाही, अज्ञातावरच क्रिया करावी लागते. तिसरं साधन तराजूचं. दोन्ही पारड्यांत सारखंच करायचं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही. बरोबरच्या चिन्हाचा अर्थ सुधारायला तोच हवा. पण २क्ष + ९ = ३ आलं की पारड्यात उणे वजन ठेवता येत नाही. तिथे तराजू बाजूला ठेवून संख्यांवर विश्वास टाकायला शिकवावं लागतं, आणि पूर्णांक पक्के नसतील तर तो विश्वास येत नाही.

चौथी रीत पक्षांतराची. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ सराईत माणूस असंच सोडवतो, मीही. पण शिकवायची सुरुवात इथून करणं घातक आहे. क्ष + ७ = ३ मध्ये ७ पलीकडे गेला, −७ झाला, उत्तर −४. ठीक. मग ३क्ष = १२ आलं की ३ पलीकडे जातो, −३ होतो आणि उत्तर ९ येतं. दुसरं मूल ३ला भागायला खाली नेतं, पण चिन्ह बदलायचं म्हणून −३ने भागून −४ लिहितं. दोघांनीही शिकवलेलं वाक्य पाळलं. संख्या बाजू ओलांडून जात नसते. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया झालेली असते आणि मधली ओळ लिहायचा आपण कंटाळा केलेला असतो. ती मधली ओळ निदान वर्षभर लिहायला लावली पाहिजे.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर केलेलं काम इथे उपयोगी पडतं. त्यांनी क्ष यायच्या आधी साध्या अंकगणिती राशींतच पदं ओळखायला लावली. १९ − ७ + ४ यात पदं तीन: +१९, −७, +४. चिन्ह आपल्या पुढच्या संख्येचं. पदं कोणत्याही क्रमाने लावा, किंमत तीच. मग १९ − ७ + ४ चे १९ − ११ करणारी चूक मुलांना स्वतःच दिसू लागते. वजा ही क्रिया आणि वजा हा संख्येचा भाग यांची सांगड इथेच बसते, आणि पुढे २क्ष − ७ मधलं −७ हे पद म्हणून ओळखीचं निघतं. आढाव्यात इतक्या पद्धती पाहिल्यावर मला हीच सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात टिकाऊ वाटते. तिला नवं साहित्य लागत नाही, पदांभोवती गोल करायला पेन्सिल पुरते.

तेव्हा शिक्षकांना आणि शिकवणीवाल्यांना एवढंच सुचवायचं आहे. तिसरी-चौथीपासून १२ = ☐ + ५ आणि ६ + ☐ = ४ + ९ अशी उदाहरणं रोजच्या बेरजांत मिसळा. ‘लहानातून मोठी जात नाही’ याच्यापुढे ‘अजून तरी’ हे दोन शब्द जोडा. पूर्णांकांचं प्रकरण चालू असतानाच क्ष + ७ = ३ विचारा. ‘वजा वजा अधिक’ हे गुणाकार आणि भागाकाराशिवाय तोंडातून काढू नका. पक्षांतर शेवटी ठेवा आणि प्रत्येक उदाहरणाखाली ताळ्याची ओळ मागा. पालकांनी घरी एक करावं: मुलाला ८ + ४ = ☐ + ५ हे कागदावर लिहून द्यावं. उत्तर १२ आलं तर शिकवणी लावण्याची घाई करू नये; आधी आठवडाभर = या चिन्हावर त्याच्याशी बोलावं.